न थकणारी भुतं, दमलेली पार्टी: एक्झॉशनचं करायचं काय?

वीसमुखी
मंडळी, डन्जन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या फाशांच्या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीत (२०१४ ची पुस्तकं) एक पाठलाग आखतेय. खेळाडूंच्या चार पात्रांची नवव्या पातळीची पार्टी, सहा दिवसांची बर्फाळ वाट. मागे एका नेक्रोमॅन्सरने (मेलेल्यांना उठवणारा जादूगार) सोडलेले १२ झाँबी आणि ३ घूल (प्रेतं खाणारी भुतं), मध्येच एक वेअरवूल्फ (लांडगा होणारा माणूस), शेवटच्या घाटात व्हॅम्पायर. पार्टी दमणार, त्याचे नियम (एक्झॉशन, म्हणजे थकव्याच्या सहा पायऱ्या) स्वच्छ आहेत. घोडं अडतंय ते राक्षसांपाशी.

१) स्केलेटनला एक्झॉशनची इम्युनिटी (त्यातून पूर्ण सूट) आहे, झाँबीला नाही. दोघेही मेलेलेच ना?
२) व्हॅम्पायरलाही नाही. म्हणजे तो चालून चालून दमतो?
३) पार्टीत सिकनिंग रेडियन्स (थकवा देणाऱ्या प्रकाशाचा मंत्र) आणि वॉल ऑफ फोर्स (अभेद्य भिंतीचा किंवा घुमटाचा मंत्र), दोन्ही आहेत. शत्रूला कोंडून थकव्यानेच मारणार हे दिसतंयच.

माझा कल असा की अलौकिक प्राण्यांना एक्झॉशनमधून सरसकट सूट द्यावी आणि मोकळं व्हावं. पटतंय का?

चहा_आणि_फासे
मेलेल्याला थकवा नसतो म्हणणाऱ्यांनी ३१ मार्चचं अकाउंट्स खातं पाहिलेलं नाही.

कागदी_ड्रॅगन
सरसकट सूट अजिबात नको. स्टॅटब्लॉकमध्ये (राक्षसाच्या आकड्यांच्या चौकटीत) कंडिशन इम्युनिटीची, म्हणजे कोणत्या अवस्था लागत नाहीत त्याची ओळ असते ती याचसाठी. २०१४ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये स्केलेटन, घूल, वाइट, ममी, लिच, घोस्ट, शॅडो, रेव्हनंट, सगळे गोलेम आणि चार मूळ एलिमेंटल (हवा, पृथ्वी, आग, पाणी) यांच्या ओळीत एक्झॉशन आहे. झाँबी, व्हॅम्पायर, वेअरवूल्फ, बालोर, ड्रॅगन, अगदी टॅरास्क यांच्या ओळीत नाही. टॅरास्कला तुम्ही भीती घालू शकत नाही, विष देऊ शकत नाही, पण दमवू शकता. सगळ्यांना सूट दिलीत तर पार्टीच्या हातातलं एक खरंखुरं हत्यार काढून घेतल्यासारखं होतं.

झाँबीचं म्हणाल तर २०२४ च्या आवृत्तीत त्याच्या ओळीत एक्झॉशन घातलंय. तेवढा एक बदल उचला आणि बाकीचे स्टॅटब्लॉक आहेत तसे वापरा.

जुनाट_डीएम
ओळ वाचायची हे बरोबर, पण तेवढ्याने भागत नाही. थकवा कशामुळे येतोय ते आधी बघा. २०१४ च्या नियमांत वाटा अनेक आहेत आणि प्रत्येकीचं दार वेगळं आहे.

भूक, तहान, झोप: झाँबीच्या वर्णनात 'अनडेड नेचर' आहे. हवा, अन्न, पाणी, झोप काहीच लागत नाही. इम्युनिटी नसली तरी या तीन वाटांनी त्याला थकवा येऊच शकत नाही.

सक्तीची चाल: आठ तासांनंतरच्या प्रत्येक तासाला कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा, थोडक्यात कॉन) सेव्ह, म्हणजे त्रास टाळायला वीसमुखी फासा (डी२०) टाकायचा. डीसी (गाठायचा आकडा) १० अधिक आठवरचे तास, म्हणजे नवव्या तासाला ११, बाराव्याला १४. हा नियम लिहिलाय तो खेळाडूंच्या प्रवासासाठी. झाँबीला दर तासाला फासे टाकायला लावणारा डीएम (खेळ चालवणारा) अजून जन्माला यायचाय.

थंडी: शून्य फॅरनहाइट (साधारण उणे १८ सेल्सियस) किंवा खाली असेल तर दर तासाला डीसी १० चा सेव्ह. कोल्ड रेझिस्टन्स (थंडीचं नुकसान निम्मं) वा इम्युनिटी असलेले, गरम कपडे घातलेले आणि थंड प्रदेशातले प्राणी आपोआप पास. कागदावर बघाल तर व्हॅम्पायरला कोल्ड रेझिस्टन्स नाही, म्हणजे त्यानेही फासे टाकायचे! इथे डीएमने सरळ निकाल द्यावा: ज्याच्या अंगात ऊब नाही त्याला थंडी बाधत नाही.

जादू: सिकनिंग रेडियन्ससारखा मंत्र नुसता 'प्राणी' म्हणतो. तिथे फक्त इम्युनिटीची ओळ चालते, तर्क चालत नाही.

मेजावर झटपट ठरवायचं तर दोन प्रश्न विचारायचे. ओळीत इम्युनिटी आहे का? असेल तर विषय संपला. नसेल तर या कारणाला लागणारी शरीराची गरज त्या प्राण्याला आहे का? नसेल तर तेवढ्या कारणापुरती सूट, कायमची नाही.

शून्य_एचपी
नवीन लोक वाचत असतील तर पायऱ्या टाकून ठेवतो. २०१४: पहिली, अॅबिलिटी चेकना (क्षमता तपासायच्या फाशांना) डिसअॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून लहान आकडा धरायचा). दुसरी, वेग निम्मा. तिसरी, हल्ले आणि सेव्ह दोन्हींना डिसअॅडव्हान्टेज. चौथी, कमाल एचपी (जीव मोजणारे गुण) निम्मे. पाचवी, वेग शून्य. सहावी, राम नाम सत्य. लाँग रेस्टला (आठ तासांची विश्रांती) एकच पायरी उतरते, तीही पोटात अन्नपाणी गेलं असेल तर.

२०२४ मध्ये सगळं सपाट केलंय: प्रत्येक पायरीमागे डी२० च्या प्रत्येक टेस्टला उणे २ आणि वेग ५ फूट कमी. सहावीला मरण तेच.

दोन्हींमध्ये एक गोष्ट लोक विसरतात. थकव्याने राक्षसाचा सेव्ह डीसी कमी होत नाही. २०१४ च्या पाचव्या पायरीवरचा ड्रॅगन जागचा हलू शकत नाही, पण आगीचा फुत्कार पूर्ण ताकदीचाच. दमवला म्हणून समोर जाऊन उभे राहू नका.

गणिती_गॉब्लिन
पाठलागाचं गणित करून टाकतो. डीएमजीच्या (डन्जन मास्टर्स गाइड) चेस म्हणजे पाठलागाच्या नियमांत ३ अधिक कॉन मॉडिफायर इतक्या वेळा डॅश (जादा धाव) फुकट. नंतरच्या प्रत्येक डॅशला आपल्या वळीच्या (टर्नच्या) शेवटी डीसी १० चा कॉन चेक, हुकला की एक पायरी. लक्षात घ्या, हा चेक आहे, सेव्ह नाही. म्हणून पहिली पायरी चढताच पुढचे सगळे चेक डिसअॅडव्हान्टेजने पडतात आणि घसरगुंडी सुरू होते.

वेअरवूल्फ (कॉन +२): ५ डॅश फुकट, मग हुकण्याची शक्यता ३५%, पहिल्या पायरीनंतर ५८%. लांडग्याच्या रूपात वेग ४० आहे, पण दुसऱ्या पायरीला २० होतो. म्हणजे तो सुरुवातीला भयंकर आणि नंतर ढेपाळणारा.

झाँबी (कॉन +३), २०१४ चा छापील: ६ फुकट, मग ३०%, नंतर ५१%. पण वेगच २० आहे, तो चेसमध्ये मुळात मागेच पडतो.

घूल: कॉन +०, म्हणजे फुकट डॅश तीनच. पण इम्युनिटी असल्यामुळे चेक हुकला तरी काहीही होत नाही. वेग ३०, म्हणजे माणसाइतकाच. घूलपासून पळून सुटका नाही, कारण थकणार तुम्हीच. तिथे लपणं हाच मार्ग: नजरेआड झालात की फेरीच्या शेवटी स्टेल्थ (लपण्याचा) चेक, समोर घूलचं पॅसिव्ह परसेप्शन (सहज लक्ष जाण्याचा आकडा) फक्त १०. खेळाडूंना हे कळायला हवं, म्हणून पहिल्या चेसमध्ये वाटेत धुकं, दाट झाडी, कोसळलेली भिंत असं काहीतरी पेरून ठेवा.

चेसमध्ये आलेला थकवा शॉर्ट रेस्टनेही (तासाभराच्या विश्रांतीने) जातो, हेही सांगून ठेवा. नाहीतर खेळाडू उगाच सहा दिवस त्याचं ओझं वाहतील.

मंत्रिणी
झाँबींना हसू नका. चेस वेगळा, प्रवास वेगळा. डीएमजीचं सूत्र: वेग भागिले १०, तेवढे मैल ताशी. झाँबी ताशी २ मैल. पार्टी ताशी ३ मैलांनी आठ तास चालली की २४ मैल. झाँबी २४ तास चालतो, ४८ मैल. पार्टी चालत असताना ८ मैलांची आघाडी मिळते, आणि मुक्कामाच्या १६ तासांत झाँबी ३२ मैल कापतात. दररोज निव्वळ २४ मैल अंतर घटतं.

म्हणजे निघताना ४० मैलांची आघाडी असेल तर पहिल्या दिवशी सूर्यास्ताला ४८ मैल, दुसऱ्या सकाळी १६, दुसऱ्या संध्याकाळी २४, आणि त्याच रात्री मुक्कामाला बसल्यापासून बाराव्या तासाला झाँबी तंबूच्या दारात. लाँग रेस्ट आठ तासांत झालेला असतो, चार तास हातात उरतात. याच आकड्यात सगळं नाट्य आहे. आघाडी ३० मैल केलीत तर त्या रात्रीचा रेस्टच पूर्ण होत नाही.

गणिती_गॉब्लिन
@मंत्रिणी, तपासलं. ३० मैलांना दुसऱ्या संध्याकाळी अंतर १४, म्हणजे सातव्या तासाला गाठतात. एक तासाने रेस्ट हुकतो. क्रूर आहे, आवडलं.

वीसमुखी
वा! ३० नको, ४० घेते. पण मग रेडियन्सचं काय?

कागदी_ड्रॅगन
रेडियन्स नीट वाचा. ३० फूट त्रिज्येचा गोल, काँसंट्रेशन (जादूगाराचं लक्ष मोडलं की मंत्र तुटतो), दहा मिनिटं. आत पाऊल टाकताना किंवा आत वळी सुरू होताना कॉन सेव्ह. हुकला तर ४डी१० (चार दहामुखी फासे) रेडियंट (तेजाचं) नुकसान आणि एक पायरी. सेव्ह साधला तर काहीच नाही. मंत्र संपला की त्याने दिलेला सगळा थकवा जातो, पण तोवर सहा पायऱ्या झाल्या असतील तर मेलेला परत उठत नाही.

झाँबीला सरासरी २२ एचपी, ४डी१० ची सरासरीही २२. शिवाय रेडियंट नुकसानीला त्याचं अनडेड फॉर्टिट्यूड (शून्य एचपीलाही तग धरणं) चालत नाही. तिथे पायऱ्या मोजायची वेळच येत नाही.

व्हॅम्पायरसाठी क्रम महत्त्वाचा. वॉल ऑफ फोर्सचा घुमट आधी टाकला तर बाहेरून रेडियन्स आत पोचत नाही. आधी रेडियन्स, त्याचा केंद्रबिंदू घुमटाच्या आत येईल असा, आणि मग घुमट. दोन्हींना काँसंट्रेशन लागतं, म्हणून दोन जादूगार हवेतच. आणि दोघांच्या वळ्यांच्या मध्ये व्हॅम्पायर लेजेंडरी अॅक्शनने (दुसऱ्याच्या वळीनंतर मिळणारी जादा कृती) सटकतो, सगळी योजना इथेच फसते. उपाय: दुसऱ्याने वॉल ऑफ फोर्स रेडी करून ठेवायचा, ट्रिगर 'रेडियन्स पडताक्षणी'. रिअॅक्शन वळी संपण्याआधी होते, लेजेंडरी अॅक्शन वळी संपल्यावर.

गणिती_गॉब्लिन
आकडे: व्हॅम्पायरचा कॉन सेव्ह +४, समोर डीसी १६ धरू. हुकण्याची शक्यता ५५%, तिसऱ्या पायरीनंतर ८०%. तीन लेजेंडरी रेझिस्टन्स (हुकलेला सेव्ह साधला असं मानायची मुभा) पहिल्या तीन हुकलेल्या सेव्हवर खर्चले असं धरलं तर सरासरी १५ फेऱ्या. धुक्याचं रूप घेतलं तर कॉन सेव्हला अॅडव्हान्टेज (दोन फाशांतला मोठा आकडा), तिसऱ्या पायरीपासून दोन्ही एकमेकांना काटतात, सरासरी २५ फेऱ्या. मंत्र १०० फेऱ्या टिकतो. म्हणजे काँसंट्रेशन तुटलं नाही तर व्हॅम्पायर गेला. रीजनरेशन (वळीला आपोआप एचपी भरणं) रेडियंट लागल्याच्या पुढच्या वळीला बंद, पण सेव्ह साधला की परत २० भरतात. मरतो तो एचपीने नाही, थकव्याने.

जुनाट_डीएम
आणि इथेच गंमत आहे. मिस्टी एस्केप (व्हॅम्पायरचं धुकं होऊन निसटणं) चालू होतं ते शून्य एचपीला. सहावी पायरी म्हणजे थेट मृत्यू, शून्य एचपीचा प्रसंग येतच नाही. शब्दशः नियमांनी व्हॅम्पायर शवपेटी, खुंटी, सूर्य यांपैकी कशाशिवायच संपतो.

शून्य_एचपी
शब्दशः बरोबर असेल, पण हे मला अजिबात पटत नाही. शेकडो वर्षांचा खलनायक हरितप्रकाशात घामाघूम होऊन गेला, हा काय शेवट झाला? मी सहाव्या पायरीला शून्य एचपी धरतो. तो धुकं होतो, घुमटात अडकतो. घुमट विरला की शवपेटीकडे धावतो, दोन तासांत पोचला नाही तर नाश. पार्टीने डाव साधलाच, वर शेवटचा पाठलागही मिळाला.

कागदी_ड्रॅगन
म्हणजे पाचव्या आणि चौथ्या पातळीचा एकेक स्लॉट (मंत्र टाकायची मोजकी संधी), अचूक क्रम, १५ फेऱ्यांचं काँसंट्रेशन, एवढं करून खेळाडूंच्या हाती धुकं? नियम बदलायचा असेल तर पहिल्या सत्राला सांगा, ऐन घुमटात नको.

शून्य_एचपी
आधी सांगायचं, हे मान्य. बाकी ठाम आहे.

मंत्रिणी
तिसरा मार्ग म्हणजे व्हॅम्पायरला एकटा ठेवायचाच नाही. त्याच्या लांडग्यांना आणि वटवाघळांना काँसंट्रेशनवर सोडा. नुकसान दहा असो वा एक, प्रत्येक फटक्याला वेगळा सेव्ह पडतो, किमान डीसी १०. नियम न बदलता मुद्दा सुटतो.

पाथफाइंडरी
पाथफाइंडर या दुसऱ्या खेळाच्या पहिल्या आवृत्तीत हा धागा दोन ओळींत संपला असता. अनडेड (मेलेले पण हिंडणारे) हा प्रकारच फटीग (सौम्य थकवा) आणि एक्झॉशनपासून मुक्त, कन्स्ट्रक्टही (घडवलेले पुतळे). व्हॅम्पायर, झाँबी, सगळे एका रांगेत. बाकीच्यांना फटीग म्हणजे स्ट्रेंग्थ-डेक्सला उणे २, धावणं आणि चार्ज बंद; एक्झॉशन म्हणजे उणे ६ आणि वेग निम्मा. एक तास पूर्ण विश्रांती घेतली की एक्झॉशनचं फटीग होतं, मग आठ तासांनी तेही जातं. मरण नाही, त्यामुळे घुमटाचा डावही नाही.

चहा_आणि_फासे
पाथफाइंडरवाले प्रत्येक धाग्यावर येतात आणि 'आमच्याकडे दोन ओळी' म्हणून दहा ओळी लिहितात.

जुनाट_डीएम
डी अँड डीच्या १९८१ च्या बेसिकमध्ये खरंच एकच ओळ होती: पाच टर्न (तिथे एक टर्न म्हणजे दहा मिनिटं) हिंडलात की एक टर्न विश्रांती, नाहीतर हल्ल्याला आणि नुकसानीला उणे १.

रक्ताळलेली_लेखणी
व्हॅम्पायर द मॅस्करेड या वेगळ्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीने (२०१८) हा प्रश्न मुळातून वेगळा सोडवलाय. तिथे व्हॅम्पायर थकत नाही, भुकेजतो. हंगर ० ते ५. रोज संध्याकाळी उठायला, शक्ती वापरायला राउज चेक: एक डी१०, सहा किंवा जास्त आलं तर ठीक, नाहीतर हंगर एकने वर. जितका हंगर, तितके तुमच्या पूलमधले (एका वेळी टाकायचे) फासे हंगर फाशांनी बदलायचे, आणि ते फासे यशातही घाण करतात. शून्यावर यायचं तर माणूस मारावा लागतो.

हे डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीतल्या व्हॅम्पायरला जोडता येतं. २४ तासांत चावा मिळाला नाही तर एक पायरी एक्झॉशन, सेव्ह नाही, म्हणून लेजेंडरी रेझिस्टन्सही नाही. चाव्याच्या नेक्रोटिक नुकसानीने कमाल एचपी घटवले की एक पायरी उतरली. 'लाँग रेस्टला अन्नपाणी हवं' ही अट त्याच्यापुरती रक्तावर लावायची. मग पार्टीला वाटेतली दोन गावं आधीच रिकामी करून त्याला उपाशी ठेवण्याचा डाव सुचू शकतो.

कोकणी_बार्ड
अवांतर: सिंधुदुर्गात आरवलीच्या वेतोबाला भाविक केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात. देव रात्री गावाच्या राखणीला फिरतो आणि चपला झिजतात अशी श्रद्धा आहे. चालणारा दमत नाही, पण चालल्याचा हिशेब कुठेतरी पडतो. रेव्हनंटसारख्या (सूडासाठी उठलेलं प्रेत) न थकणाऱ्याला हे छान लागू होतं. थकवा द्यायचा नाही, त्याच्याजवळची वस्तू झिजवायची. रोजच्या ७२ मैलांनंतर कवचाचा एसी (फटका लागायला गाठावा लागणारा आकडा) एकने कमी, किमान १० पर्यंत.

संपादक
वेतोबा ग्रामदैवत आहे, त्याचा स्टॅटब्लॉक कोणी टाकू नये. बाकी चालू द्या.

कोकणी_बार्ड
छे हो, देवाला कोण एसी देतंय. कल्पना रेव्हनंटपुरती.

मंत्रिणी
बार्डबुवा, कल्पना छान, पण रेव्हनंटचं शरीर नष्ट झालं तरी २४ तासांनी नवं मिळतं. कवच झिजवून काय होणार? त्याचं खरं घड्याळ वेगळं आहे: सूड उगवायला एक वर्ष.

आणि याच तर्काने वीसमुखीताईंचा मूळ प्रश्न पुन्हा बघू. झाँबी आणि घूल थकत नाहीत, ठीक. पण त्यांना हाकणारा थकतो. अॅनिमेट डेड (झाँबी उठवणारा मंत्र) चा ताबा २४ तास. तो संपण्याआधी मंत्र पुन्हा टाकावा लागतो, तिसऱ्या पातळीच्या स्लॉटला चार जण, वरच्या प्रत्येक पातळीला आणखी दोन. तुमचे १२ झाँबी म्हणजे रोज एक पाचवा आणि एक तिसरा स्लॉट. घूल अॅनिमेट डेडने होतच नाहीत, त्यांना क्रिएट अनडेड लागतो, सहाव्या पातळीचा, रात्रीच टाकता येतो, तीन घूलवर ताबा. म्हणजे तुमचा नेक्रोमॅन्सर किमान अकराव्या पातळीचा, आणि त्याच्याकडे सहावा स्लॉट एकच.

त्याचा लाँग रेस्ट एकदा मोडला की दुसऱ्या रात्री घूल सुटले. आर्केन रिकव्हरीनेही (शॉर्ट रेस्टला काही स्लॉट परत मिळवण्याची सोय) सहावा स्लॉट परत येत नाही. झाँबी मात्र तिसऱ्या दिवसापर्यंत टिकतात: दुसऱ्या दिवशी पुन्हा पाचवा-तिसरा, तिसऱ्या दिवशी दोन चौथे. चौथ्या दिवशी एक चौथा आणि एक तिसरा उरतो, दहाच झाँबी सांभाळता येतात. अर्थात आर्केन रिकव्हरी न धरता, आणि बाकी एकही स्लॉट लढाईत खर्च केला नाही तर.

जुनाट_डीएम
ताबा सुटला म्हणजे ते कोसळत नाहीत, फक्त ऐकायचे थांबतात. आणि सुटलेल्या घूलला सर्वांत जवळचं जिवंत मांस कोणाचं? झोपू न शकलेल्या नेक्रोमॅन्सरचं.

वीसमुखी
हे मला हवं होतं. तर ठरवलं ते असं: झाँबीला २०२४ ची इम्युनिटी. थंडी फक्त जिवंतांना, वेअरवूल्फ धरून, म्हणजे तोही रात्री शेकोटी शोधणार. व्हॅम्पायरला रक्ताची अट. सहाव्या पायरीचा निकाल पहिल्या सत्रातच सांगणार, शब्दशः, मृत्यू. लांडगे काँसंट्रेशनवर. आघाडी ४० मैल.

एक राहिलं. पार्टीला नेक्रोमॅन्सरचा मुक्काम कळावा कसा? तो झाँबींच्या मागे किती मैल असावा?

मंत्रिणी
तो माणूस आहे, रोज २४ मैलच चालणार. घोडा दिलात तरी लाँग रेस्ट सुटत नाही. झाँबी ४८ चालतात. पण अॅनिमेट डेडची रेंज १० फूट आहे, आणि ताबा राखायलाही तो मंत्रच टाकायचाय. म्हणून त्याला रोज त्यांच्याजवळ यावं लागतं, किंवा त्यांना थांबवून ठेवावं लागतं.

गणिती_गॉब्लिन
अरे थांबा, मग ४८ चं गणितच कोसळलं! झाँबी त्याच्यासाठी थांबले तर दिवसाला २४ मैलच, पार्टीइतकेच. अंतर घटतच नाही.

मंत्रिणी
घटतं. एका स्लॉटचा ताबा २४ तास टिकतो, तेवढ्यात ते ४८ मैल पुढे जातात. त्यानंतर तो त्यांना गाठेपर्यंत ते मोकाट. म्हणून हल्ला एकदाच, तोही ताबा संपायच्या आत. त्यासाठी आघाडी ४० ऐवजी २४ मैल घ्या आणि झाँबी दुसऱ्या संध्याकाळी सोडा, अंतर २४ मैल असताना. पार्टी तिथे मुक्कामाला थांबली की १२ तासांत गाठतात, अर्धा ताबा शिल्लक.

वीसमुखी
म्हणजे नेक्रोमॅन्सर त्या रात्री २४ मैल मागे, एकटा, शेकोटीजवळ. पार्टीच्या ड्रुइडला (प्राण्याचं रूप घेणारं पात्र) घुबड व्हायला सांगते.